शिंकाळ्यापासून फ्रीजपर्यंत : घरातल्या थंडाव्याचा प्रवास

प्रतिनिधी, पुणे

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर रांजणगावचा महागणपती मागे टाकून शिरूरच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर कारेगाव लागते. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे हे गाव तसे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि पाण्याची ओढाताण हीच या भागाची जुनी ओळख. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रांजणगावची पंचतारांकित वसाहत येथे उभी राहिली आणि गावाचा चेहरामोहरा बदलला. आज व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तीन मोठ्या कंपन्यांचे कारखाने या वसाहतीत आहेत. येथील नव्या इलेक्ट्रॉनिक्स समूहाला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्यातील मुख्य उद्योग म्हणून आयएफबी रेफ्रिजरेशनचे नाव जाहीर झाले. म्हणजे उन्हाने तापणाऱ्या या माळावर देशातल्या घराघरांना थंडावा पुरविणारी यंत्रे तयार होतात.

शहरी वाचकाला फ्रीजचे अप्रूप आता उरलेले नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील दहापैकी जेमतेम चार घरांत फ्रीज आढळला होता. दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल फोन यांनी त्याला केव्हाच मागे टाकले आहे. फ्रीज ज्या तत्त्वावर चालतो, त्या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट १८३४ मध्येच घेतले गेले होते. मग तो सामान्य घरात पोहोचायला दीडशेहून अधिक वर्षे का लागली? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेत फारसे सापडत नाही. ते सापडते तीन गोष्टींत : यंत्रात खेळणारा वायू, यंत्राची किंमत आणि त्याला लागणारी वीज. घरगुती शीतकरणाचा इतिहास हा या तीन गाठी सुटण्याचा इतिहास आहे आणि त्या अजूनही पूर्ण सुटलेल्या नाहीत.

फ्रीज नव्हता तेव्हा

फ्रीज येण्यापूर्वी मराठी घरात अन्न टिकविण्याची स्वतंत्र व्यवस्था होती. पाण्यासाठी माठ किंवा रांजण, दुधा-तुपासाठी छताला टांगलेले शिंकाळे, शिजवलेल्या अन्नासाठी जाळीचे कपाट. शिंकाळ्यामुळे मांजर आणि मुंग्या दूर राहत, तर जाळीच्या कपाटात हवा खेळती राही. उन्हाळ्यात दूध दिवसातून दोन-तीनदा तापवावे लागे आणि रात्री उरलेल्या दुधाला विरजण लागे. दूध टिकविण्याचा तोच सर्वांत सोपा उपाय होता. त्याच्या पुढची पायरी ताक, लोणी आणि शेवटी तूप.

जे वर्षभर लागे, ते निराळ्या मार्गाने टिकविले जाई. कैरी मिठात आणि तेलात मुरे, सांडगे-पापड उन्हात वाळत, किनारपट्टीवर बोंबील आणि सोडे खारवून-वाळवून पावसाळ्याची बेगमी केली जाई. ऊन, मीठ, तेल, साखर आणि आंबवणे ही सारी साधने जंतूंना लागणारे पाणी काढून घेण्याची किंवा त्यांना प्रतिकूल वातावरण तयार करण्याची. जंतूंना न मारता नुसते सुस्त करण्याचा मार्ग, म्हणजे थंडी, उष्ण प्रदेशातील घरांच्या आवाक्यात नव्हता.

या व्यवस्थेचा सगळा भार घरातल्या बाईवर होता, हे मात्र विसरून चालणार नाही. भाजी रोज आणायची, दूध दोन वेळा घ्यायचे, स्वयंपाक दोन वेळा करायचा आणि उरलेले काय, कधी, कोणाला द्यायचे याचा हिशेब डोक्यात ठेवायचा. ‘ताजे’ आणि ‘शिळे’ यांतील रेषा तेव्हा एका रात्रीची होती.

बर्फाचे जहाज

श्रीमंतांसाठी थंडावा तेव्हाही होता. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पिण्याचे पाणी गार करण्याची रीत नोंदविली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, हे त्यामागचे कारण. बादशाही दरबार लाहोरला असताना डोंगरातून बर्फही आणला जाई. अठराव्या शतकात अलाहाबादच्या परिसरात हिवाळ्यातील निरभ्र रात्री उसाच्या चिपाडांवर उथळ मातीची भांडी मांडून पाणी गोठविले जाई. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही मोकळ्या आकाशाकडे उष्णता फेकून भांड्यातील पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, हे पाहून सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

खरा चमत्कार मात्र पुढच्या शतकात घडला. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांचे ‘टस्कनी’ हे जहाज मे १८३३ मध्ये न्यू इंग्लंडच्या तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते कोलकात्याला पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. लाकडाचा भुसा ही त्याची किल्ली. भुशाच्या कणांत अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. लवकरच मुंबई आणि मद्रास येथेही हा बर्फ उतरू लागला. मुंबईत त्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. कोट भागात लायन गेटसमोर, जेथे आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, तेथे ते होते. मद्रासचे बर्फघर विवेकानंदांच्या वास्तव्यामुळे पुढे प्रसिद्धीस आले आणि आजही उभे आहे. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, ही त्या काळातील मुंबईची आवर्जून सांगितली जाणारी आख्यायिका.

यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार ओसरला. १८७८ मध्ये कोलकात्यात बेंगॉल आइस कंपनी सुरू झाली आणि पुढे मोठ्या शहरांत बर्फाचे कारखाने निघाले. पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, हातगाडीवरचा बर्फाचा गोळा आणि लाकडी पिंपात बर्फ-मीठ घालून फिरविलेले पॉट आइस्क्रीम ही सर्वसामान्य मराठी माणसाची थंडाव्याशी झालेली पहिली ओळख. हा थंडावा घरात तयार होत नव्हता. तो विकत आणायचा आणि वितळण्यापूर्वी संपवायचा.

माठ आणि फ्रीज : तत्त्व एकच

फ्रीज ‘थंडी तयार करतो’ असे आपण म्हणतो, पण थंडी तयार करता येत नाही. एका ठिकाणची उष्णता काढून दुसरीकडे टाकता येते, इतकेच. माठ हेच करतो. त्याच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेले पाणी बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि आतील पाणी गार होते. शिरूरसारख्या कोरड्या हवेत माठाचे पाणी चांगले गार होते, तर मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि माठ कुचकामी ठरतो. शिवाय माठातून गेलेले बाष्प परत येत नाही.

फ्रीजमध्ये पाण्याऐवजी अगदी कमी तापमानाला उकळणारा द्रव असतो आणि त्याचे बाष्प वाया न घालवता पुन:पुन्हा वापरले जाते. काँप्रेसर हे बाष्प दाबतो, त्यामुळे ते तापते. मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून जाताना ते आपली उष्णता खोलीत सोडते आणि त्याचा द्रव होतो. मग केसासारख्या बारीक नळीतून हा द्रव एकदम कमी दाबाच्या भागात शिरतो, तेथे उकळतो आणि फ्रीजच्या आतील उष्णता ओढून घेतो. बाष्प पुन्हा काँप्रेसरकडे जाते. फ्रीजची मागची बाजू गरम का लागते आणि दार उघडे ठेवून खोली गार का होत नाही, याचे उत्तर या चक्रात आहे. आतून काढलेली उष्णता आणि काँप्रेसरने वापरलेली वीज अशी दोन्हींची बेरीज शेवटी खोलीतच येते.

द्रवाच्या बाष्पीभवनाने कृत्रिम थंडावा मिळू शकतो, हे स्कॉटलंडच्या विल्यम कलन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास दाखविले होते. असे बाष्प पुन्हा द्रव करून वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट लंडनमध्ये राहणारे अमेरिकी अभियंते जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये घेतले. १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी बर्फ तयार करणारी यंत्रे चालविली, तर १८७० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी बिअरच्या कारखान्यांसाठी भरवशाची यंत्रे बनविली. मात्र ही सारी यंत्रे अवाढव्य होती. ती घरात आणायची तर छोटी मोटर, घरापर्यंत वीज आणि नळ्यांत खेळविण्यासाठी निर्धोक वायू, या तिन्हींची गरज होती.

घातक वायूची गाठ

अमेरिकेत १९१३ च्या सुमारास घरगुती विजेचे फ्रीज विकण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यापाठोपाठ केल्व्हिनेटर आणि फ्रिजिडेअर ही नावे पुढे आली. सुरुवातीचे फ्रीज फोर्डच्या लोकप्रिय मोटारीपेक्षाही महाग होते. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने डोक्यावर गोल काँप्रेसर असलेले ‘मॉनिटर टॉप’ हे मॉडेल आणले आणि त्याचा दहा लाखांहून अधिक खप झाला. पण आत खेळणारे वायू धोकादायक होते. सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया यांपैकी काहीही गळले तरी जिवावर बेतत असे. अशाच एका दुर्घटनेची बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्यासह हलते भाग नसलेल्या फ्रीजचा आराखडा तयार केला, असे सांगितले जाते. त्याचे अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मिळाले, परंतु तो फ्रीज बाजारात आला नाही.

स्वीडनमध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काँप्रेसरऐवजी केवळ उष्णतेवर चालणारा फ्रीज शोधला. इलेक्ट्रोलक्सने तो जगभर नेला. रॉकेलच्या दिव्यावर चालणारे हे फ्रीज भारतातही आले. वीज नसलेल्या मुलुखातील बंगल्यांत, मिशनच्या दवाखान्यांत आणि पुढे लसी ठेवण्यासाठी आरोग्य केंद्रांत त्यांचा उपयोग झाला. ज्योतीवर पाणी उकळावे तसा त्या ज्योतीवर थंडावा मिळे, याचे लोकांना मोठे नवल वाटे.

घरगुती फ्रीजचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा केला तो फ्रिऑनने. थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ ते १९३० या काळात क्लोरोफ्लुरोकार्बन अर्थात सीएफसी हे वायू पुढे आणले. ते पेटत नव्हते, विषारी नव्हते, गंजवत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत बहुसंख्य अमेरिकी घरांत फ्रीज पोहोचला. पहिली गाठ सुटल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात ती पुढच्या पिढीच्या गळ्यात पडली होती.

किंमत आणि दिवाणखान्यातील फ्रीज

स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत भारतात फ्रीज आयात होत असे आणि तो संस्थानिक, उद्योगपती, बडे डॉक्टर-वकील यांच्यापुरता होता. १९५८ मध्ये गोदरेज कंपनीने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने भारतीय बनावटीचा फ्रीज बाजारात आणला. त्यानंतर फरिदाबादचे केल्व्हिनेटर, हैदराबादचे ऑल्विन, व्होल्टास ही नावे मध्यमवर्गाच्या बोलण्यात आली. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगाव येथे व्हिडिओकॉननेही फ्रीजचे उत्पादन सुरू केले. तरीही नव्वदच्या दशकापर्यंत फ्रीजची गणना सरकारदरबारी चैनीच्या वस्तूंत होती. परवाने मोजके, उत्पादन कमी आणि त्यावर भारी उत्पादन शुल्क. परिणामी मध्यमवर्गीय कुटुंबाला फ्रीजसाठी काही वर्षे पैसे साठवावे लागत किंवा कार्यालयाच्या पतसंस्थेतून कर्ज काढावे लागे.

म्हणूनच त्या काळातील अनेक घरांत फ्रीज स्वयंपाकघरात नव्हे, तर दिवाणखान्यात असे. स्वयंपाकघरात जागा नसे हे एक कारण, येणाऱ्याच्या नजरेस पडावा हे दुसरे. त्यावर क्रोशाने विणलेला रुमाल आणि प्लॅस्टिकच्या फुलांची परडी, हँडलला कापडी गवसणी, दाराला कुलूप असा त्याचा थाट असे. एकाच दाराचा १६५ लिटरचा फ्रीज हे त्या पिढीचे प्रमाण माप. चाळीत किंवा वाड्यात एका घरी फ्रीज आला की पाहुणे आल्यावर बर्फाचे खडे मागायला, कोणाचे इंजेक्शन ठेवायला, पूजेसाठी आणलेली फुले टिकवायला शेजारी हक्काने येत. फ्रीज एका घराचा असला तरी त्यातला एखादा कोपरा सगळ्या मजल्याचा असे.

करांचा भार अलीकडेपर्यंत राहिला. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा फ्रीजवर २८ टक्के हा सर्वाधिक दर होता. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. दरम्यान, हप्त्यांवर वस्तू देणाऱ्या वित्त कंपन्यांनी किंमत आणि पगार यांतील अंतर महिन्यांत विभागून टाकले. फ्रीज स्वस्त झाला यापेक्षा तो हप्त्यात बसू लागला, हे म्हणणे अधिक खरे.

कारेगावच्या वेशीवर

१९९१ नंतर परवान्यांचे राज्य संपले आणि परदेशी कंपन्या थेट आल्या. अमेरिकेच्या व्हर्लपूलने १९९५ मध्ये केल्व्हिनेटर ऑफ इंडिया ताब्यात घेतली आणि १९९६ मध्ये व्हर्लपूल ऑफ इंडिया अस्तित्वात आली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिने रांजणगाव वसाहतीत नवा कारखाना उभारला. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालयही याच वसाहतीत आहे. नोएडानंतरचा आपला दुसरा कारखाना कोरियाच्या एलजीने येथेच काढला. चीनच्या हायरने २००७ मध्ये येथील अँकर-देवूचा कारखाना घेतला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला.

या कंपन्या येथे आल्या त्याला कारणे होती. एकसलग मोठी जमीन, महामार्ग, पुण्याचे अभियांत्रिकी मनुष्यबळ आणि पत्रा, प्लॅस्टिक, तारा, नळ्या पुरविणाऱ्या लघुउद्योगांची साखळी हे सारे येथे होते. शिवाय फ्रीज ही वाहतुकीला अवघड वस्तू. आत बहुतांश पोकळी असल्याने ट्रक भरतो तो वजनाने नव्हे, आकाराने. म्हणून बाजारपेठेच्या जवळ कारखाना असणे फायद्याचे ठरते. मुंबई, पुणे आणि गुजरात-कर्नाटकाच्या बाजारपेठा येथून हाकेच्या अंतरावर नसल्या, तरी रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत.

कारखान्यात फ्रीज कसा घडतो, हेही पाहण्यासारखे आहे. रंगीत पत्रा कापून-वाकवून बाहेरचे कवच होते. प्लॅस्टिकचा तक्ता तापवून, निर्वाताने साच्यावर ओढून आतील पांढरा कप्पा तयार होतो. या दोहोंच्या मधल्या फटीत रसायनांचे मिश्रण सोडले की ते काही क्षणांत फुगते आणि घट्ट फोम बनते. टस्कनी जहाजातील भुसा जे काम करीत होता, तेच काम हा फोम करतो. मग काँप्रेसर आणि नळ्या जोडल्या जातात, आतील हवा काढून वायू भरला जातो आणि गळती तपासली जाते. दाराच्या कडेला बसविलेल्या रबरी पट्टीत चुंबक असतो. पूर्वी फ्रीजच्या दाराला बाहेरून बंद होणारा खटका असे आणि टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळताना अडकून मुले गुदमरत. त्यामुळे अमेरिकेने १९५६ मध्ये दार आतून उघडता येण्याची सक्ती करणारा कायदा केला. आज दार नुसत्या धक्क्याने उघडते, त्यामागे हा इतिहास आहे.

कारखान्यांनी कारेगावात भाड्याच्या खोल्यांचे नवे गावच वसविले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले तरुण कामगार या परिसरात राहतात. एका खोलीत अनेकजण, पाण्यासाठी पिंप, उन्हाळ्यासाठी पंखा, असा त्यांचा संसार. दिवसभर फ्रीज जोडणाऱ्या हातांना स्वत:चा फ्रीज घ्यायचा तर आधी स्वत:चे घर, मग कुटुंब आणि मग हप्ता, असा क्रम लागतो. दहापैकी सहा घरांत फ्रीज का नव्हता, याचे उत्तर कारखान्याच्या भिंतीलगतही मिळते.

वीज : न दिसणारा अर्धा फ्रीज

फ्रीज हे घरातील बहुधा एकमेव यंत्र आहे, जे वर्षातील सर्व दिवस, सर्व तास सुरू असावे लागते. दिवा किंवा पंखा तासभर बंद राहिला तर गैरसोय होते, फ्रीज बारा तास बंद राहिला तर अन्न बिघडते. महाराष्ट्रातील ग्रामीण भागाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाचा जो काळ अनुभवला, त्यात फ्रीज घेऊन करायचे काय, असा प्रश्न पडणे साहजिक होते. पुणे शहराने २००६ मध्ये उद्योगांची स्वत:ची वीजनिर्मिती वापरून भारनियमनातून सुटका करून घेतली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजले. पण त्यासाठी जादा दर मोजण्याची ऐपत शहराकडे होती, खेड्यांकडे नव्हती.

या अडचणीवर गोदरेजने एक वेगळा तोडगा काढून पाहिला. वरून उघडणारी, हलकी, काँप्रेसर नसलेली आणि बॅटरीवरही चालू शकणारी ‘छोटूकूल’ ही शीतपेटी. २००८ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ग्रामीण महिलांना एकत्र बोलावून त्यांच्या सूचना घेण्यात आल्या. प्रयोगाची जगभर वाहवा झाली. मात्र ज्या ग्रामीण ग्राहकासाठी ती घडविली, त्याने तिला अपेक्षेइतका प्रतिसाद दिला नाही आणि कंपनीला शहरी ग्राहकांकडे वळावे लागले. थोडे पैसे वाचवून छोटी पेटी घेण्यापेक्षा थोडे थांबून ‘खरा’ फ्रीज घेणे लोकांनी पसंत केले. फ्रीज ही गरज असतेच, पण ती प्रतिष्ठाही असते, हा धडा यातून मिळाला.

विजेचे बिल ही याच गाठीची दुसरी बाजू. ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २००६ मध्ये तारांकन योजना आणली आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर तारांचे लेबल सक्तीचे झाले. हे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा पाच तारांचा फ्रीज आजच्या मोजपट्टीवर कमी तारांचा ठरू शकतो. घेताना तारांइतकेच लेबलवरील वार्षिक युनिटांच्या आकड्याकडे पाहावे, हे उत्तम.

आकाशाला पडलेले भोक

सीएफसीने घरात आणलेला फ्रीज आकाशाला महाग पडला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोनचा नाश करतात, असा इशारा दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगासमोर आले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००० च्या नियमांनुसार १ जानेवारी २००३ नंतर नव्या फ्रीजमध्ये सीएफसी वापरण्यास देशात बंदी आली.

सीएफसीची जागा बऱ्याच ठिकाणी एचएफसी-१३४ए या वायूने घेतली. तो ओझोनला धोकादायक नाही, पण वातावरण तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक. जर्मनीत १९९३ च्या सुमारास आयसोब्युटेनसारखे साधे हायड्रोकार्बन वापरणारे फ्रीज बाजारात आले. भारतात गोदरेजने स्विस आणि जर्मन साह्याने या मार्गाचा लवकर स्वीकार केला. स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद असलेला हा वायू पेटतो खरा, पण घरगुती फ्रीजमध्ये तो काही ग्रॅमच लागतो. आज भारतातील नव्या घरगुती फ्रीजमध्ये मोठ्या प्रमाणावर तोच असतो. एचएफसी कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली.

प्रश्न उरतो तो जुन्या फ्रीजचा. ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीजचा समावेश आहे आणि तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. प्रत्यक्षात बरेचसे जुने फ्रीज भंगारवाल्याकडे जातात. तांब्याच्या नळीसाठी ती कापली जाते आणि आतील वायू हवेत मिसळतो. फ्रीज भंगारात देण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा विक्रेत्याच्या बदली योजनेत देणे, एवढे तरी शहरी ग्राहकाच्या हाती आहे.

बदललेले स्वयंपाकघर

फ्रीजने मराठी स्वयंपाकघरात केलेला बदल मोजायचा तर सायीपासून सुरुवात करावी. पूर्वी साय एक-दोन दिवसांत विरजावी लागे. आता ती आठवडाभर साठते आणि लोणी एकदाच निघते. भाजीची खेप रोजची नाही, आठवड्याची झाली. मोड आलेली मटकी, खोवलेला नारळ, इडलीचे पीठ, आले-लसणाचे वाटण तयार ठेवता येऊ लागले. नोकरी करणाऱ्या स्त्रीला सकाळची जी घटका मिळाली, ती बहुतांशी या डब्यांनी दिली. मधुमेहाच्या रुग्णाला घरात इन्सुलिन ठेवता आले, हे तर त्याहून मोलाचे.

त्याबरोबर काही गैरसमजही आले. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. त्यासाठी आतील तापमान साधारण पाच अंशांच्या आत हवे. ठासून भरलेल्या फ्रीजमध्ये गार हवा फिरत नाही, तर भिंतीला चिकटवून ठेवलेल्या फ्रीजची उष्णता बाहेर पडत नाही. ‘शिळे’ या शब्दाची रेषा फ्रीजने एका रात्रीवरून काही दिवसांवर नेली, ती पुसली मात्र नाही.

उन्हाळे अधिक कडक होत आहेत आणि दूध, भाजी, औषध टिकविण्याची गरज कोरडवाहू खेड्यात शहरापेक्षा कमी नाही. उरलेल्या घरांतही पुढील काही वर्षांत फ्रीज येणार, हे नक्की. त्या कोट्यवधी फ्रीजमध्ये कोणता वायू असेल, ते किती वीज खातील आणि ती वीज कशापासून तयार होईल, यावर या थंडाव्याची खरी किंमत ठरेल. ती किंमत फ्रीज घेणाऱ्यालाच नव्हे, तर अजून माठावर भागवणाऱ्यालाही मोजावी लागणार आहे.